थॉमसचा बाप आणि फाइन क्रीकवरचे २४० एकर

पत्र, थोडक्यात: "मी निवृत्त तलाठी. सध्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे व्हर्जिनियात, रिचमंडला आलो आहे. जावई इथलेच, कित्येक पिढ्यांपासूनचे. त्यांच्या घरात १७९५ च्या एका खरेदीखताची नक्कल आहे. त्यात थॉमस नावाच्या पूर्वजानं पॉवहॅटन काउंटीतली (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), फाइन क्रीक या ओढ्यालगतची २४० एकर जमीन विकली आहे. त्याच्या आधीचं काहीच हाती नाही. नातीनं इंटरनेटवरचे वंशवृक्ष पाहिले, तर त्यात थॉमसला तीन वेगवेगळे बाप! जन्मनोंद सापडत नाही, जनगणनेत नाव नाही. जमिनीचे कागद वाचण्यात माझी नोकरी गेली, पण इथे ना सातबारा, ना फेरफार. सुरुवात कुठून करू?"

नमस्कार,

तीन बाप निघाले यात नवल नाही. त्या काळच्या व्हर्जिनियात जॉन, विल्यम, थॉमस म्हटलं की निम्मी वस्ती संपली. एकाच आडनावाचे चार चुलतभाऊ आपापल्या आजोबांचं नाव मुलाला ठेवत आणि एकाच ओढ्यावर चार थॉमस तयार होत. वंशवृक्ष जोडणाऱ्यांनी त्यातला दिसेल तो उचलला.

जन्मनोंदीचा नाद सोडा. व्हर्जिनियात सरकारी जन्मनोंदणी १८५३ साली सुरू झाली. त्याआधीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वह्यांत असत आणि त्यातल्या बऱ्याच वह्या आज नाहीत. १७९० आणि १८०० या दोन्ही जनगणनांचे व्हर्जिनियाचे तक्ते जवळजवळ सगळे नष्ट झाले आहेत. '१७९० ची जनगणना' म्हणून जे छापील पुस्तक दाखवतात, ते १७८२ ते १७८५ च्या याद्यांवरून नंतर जुळवलेलं आहे.

तेव्हा नाव सोडा आणि जमीन धरा. थॉमस चार असतील, पण हे २४० एकर एकच आहेत. तुमचा प्रश्न मुळात तुमच्या नोकरीतलाच आहे: ही जमीन थॉमसच्या नावावर लागली कशी? इथे फेरफाराची वही नसते. खरेदीखत, करयादी, मृत्युपत्र आणि सनद (सरकारनं मुळात जमीन दिल्याचा कागद) वेगवेगळ्या दप्तरांत पडलेले असतात. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची वही, तुम्हालाच तयार करावा लागेल, एवढाच फरक.

पहिली अडचण कचेरीची. पॉवहॅटन काउंटी १७७७ साली कंबरलंडमधून निघाली. कंबरलंड १७४९ साली गूचलंडमधून, आणि गूचलंड १७२८ साली हेन्रायकोमधून. जमीन जागची हलली नाही, कचेरी मात्र तीनदा बदलली. नवी काउंटी निघाली तरी जुन्या वह्या जुन्याच कचेरीत राहतात. १७६० चं खत पॉवहॅटनमध्ये शोधणारा माणूस 'नोंद नाही' असा शेरा मारून मोकळा होतो, आणि खत असतं कंबरलंडमध्ये. मूळ वह्या त्या त्या काउंटीच्या सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे असतात. त्यांच्या मायक्रोफिल्म रिचमंडमध्येच, ब्रॉड स्ट्रीटवरच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात पाहता येतात. तुम्ही गावातच आहात, यासारखं भाग्य नाही. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावरही बरंच काही घरबसल्या दिसतं.

आता हातातलं खत पुन्हा वाचा, सावकाश. पक्षकारांची नावं आणि रक्कम पाहून खत बाजूला ठेवणं ही नवख्यांची सवय. तुम्ही चतुःसीमेवर थांबा. कोणत्या बाजूला कोणाची हद्द, कोणत्या कोपऱ्यावर कोणतं झाड, ओढ्याच्या कोणत्या अंगाला. शेजाऱ्यांची नावं वेगळ्या कागदावर घ्या. पुढे आडनाव चुकीचं लिहिलेलं असेल तिथे हेच शेजारी तुमच्या माणसाची ओळख पटवतील. वर्णनाच्या शेवटी 'हीच ती जमीन, जी अमक्यानं तमक्याला दिली' अशा अर्थाचं वाक्य आहे का बघा. असलं तर अर्धं काम झालं. बायकोचं नाव कसं आलं आहे तेही पाहा. नवऱ्याच्या जमिनीत विधवेला तिसऱ्या हिश्श्याचा हयातीपुरता हक्क असे. तो सोडल्याचं ती कोर्टापुढे, नवऱ्याला बाजूला ठेवून, सांगत असे. पण ती खताच्या सुरुवातीपासूनच 'लिहून देणार', म्हणजे विकणारी, म्हणून असेल, तर जमीन तिच्या माहेरची आहे का, हे तपासायलाच हवं. तसं निघालं तर थॉमसच्या बापाऐवजी सासरा सापडेल. तेही वाईट नाही.

यानंतर करयाद्या. १७८२ पासून व्हर्जिनिया राज्यानं दरवर्षी दोन याद्या केल्या: एक जमिनीची, एक जंगम मालमत्तेची. जमिनीच्या यादीत नाव, एकर, एकरी किंमत आणि कर. १७९५ पासून मागे एकेक वर्ष येत जा. मधली वर्षं गाळू नका. ज्या वर्षी एकाच्या नावासमोरचे २४० एकर जातात आणि थॉमसच्या नावासमोर २४० येतात, ते वर्ष म्हणजे तुमचा फेरफार. पहिल्याच, म्हणजे १७८२ च्या यादीत थॉमसचे २४० दिसत असतील, तर जमीन त्याआधीच आलेली. नावापुढे 'इस्टेट' असा शब्द असेल तर मालक मयत आहे आणि वाटप व्हायचं आहे.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एकाच काउंटीच्या दोन भागांच्या दोन वेगळ्या याद्या असू शकतात. एकच वाचली तर जिवंत माणूस 'गायब' होतो. आणि याद्या बहुधा आडनावाच्या पहिल्या अक्षरानुसार लावलेल्या असतात, म्हणजे शेजार मोडलेला असतो. तो परत जोडायचा तर जंगम मालमत्तेच्या यादीत अधिकारी कोणत्या तारखेला कोणाकडे गेला ते बघा. एकाच दिवशी भेट दिलेली घरं सहसा जवळजवळची. १७८७ ची यादी मन लावून वाचा, कारण तीत २१ वर्षांवरच्या गोऱ्या पुरुषांची नावं आहेत आणि १६ ते २१ मधल्यांची वेगळी संख्या आहे. एका घरात दोन थॉमस असतील तर इथे उघडे पडतात. १८०८ सालची यादी शोधत बसू नका. त्या वर्षी कर घेतलाच नव्हता.

मग खरेदीखतांची सूची. ती दोन प्रकारची असते: 'लिहून देणार' यांची आणि 'लिहून घेणार' यांची. दोन्ही पाहा, आणि पॉवहॅटन, कंबरलंड, गूचलंड या तिन्ही ठिकाणी पाहा. जुन्या खतांत एक गंमत आहे. तोच विकणारा, तोच घेणारा, तीच जमीन, आणि एकापाठोपाठच्या दोन दिवसांची दोन खतं. पहिलं पाच शिलिंगांचं भाडेपट्ट्याचं, दुसरं खऱ्या किमतीचं. हे दोन व्यवहार नव्हेत. आधी भाडेकरू म्हणून ताबा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उरलेली मालकी सोडायची, म्हणजे शेतात उभं राहून मातीचं ढेकूळ आणि काडी हातात देण्याचा जुना विधी टळे. अशा जोडखताला दोनदा मोजलं की एकरांचा हिशेब बिघडलाच.

समजा, थॉमसच्या नावे खरेदीखत तिन्ही कचेऱ्यांत नाही. लोक इथे हिरमुसतात. खरं तर ही सगळ्यात चांगली बातमी आहे. विकत न घेता विकली, म्हणजे जमीन वारसानं आली, मृत्युपत्रानं आली किंवा सनदेनं. सनदा लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येतात, ते अर्ध्या तासाचं काम. तिथे थॉमस नसेल आणि मृत्युपत्रही मिळालं नाही, तर उरला वारसा. आता कायदा लक्षात घ्या. वसाहतकाळात मृत्युपत्र न करता माणूस गेला तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. ना दस्त, ना वाटणी, ना कोर्टाचा हुकूम. कागदाविना मालक बदलला. हा नियम १७८५ च्या कायद्यानं गेला आणि नवा कायदा १ जानेवारी १७८७ पासून लागू झाला. त्यानंतर मुलगे-मुली सारख्या हिश्श्याचे. म्हणजे थॉमसकडे १७८७ च्या आधी संपूर्ण २४० एकर कागदाशिवाय आले असतील, तर तो बहुधा मयताचा थोरला मुलगा, किंवा आधीच वारलेल्या थोरल्या मुलाचा मुलगा. तीन बापांपैकी ज्याला थॉमसहून मोठा मुलगा हयात होता, तो इथेच जवळजवळ बाद होतो. याचीच दुसरी बाजू: बापाच्या मृत्युपत्रात थोरल्याचं नाव नसणंही शक्य आहे, कारण उरलेली जमीन कायद्यानं त्याचीच होती. 'मृत्युपत्रात नाही, म्हणजे मुलगा नाही' असं म्हणू नका. (हे फक्त व्हर्जिनियाचं. मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्याला दुप्पट वाटा मिळे, सगळी जमीन नव्हे. एका वसाहतीचा नियम दुसरीला लावला की घोटाळा झालाच.)

पुढचं काम बेरजेचं. फाइन क्रीकवर त्याच शेजाऱ्यांमध्ये थॉमसच्याच आडनावाच्या कोणाची ४०० एकरांची सनद गूचलंडच्या काळातली निघाली, आणि त्यातून १६० एकर विकल्याचं एक खत सापडलं, तर उरले २४०. आकडा जुळला म्हणून लगेच उड्या मारू नका. जमीन तीच आहे का, हे नकाशावर बसवून बघायचं.

आणि इथे तुमचा हातखंडा. जुनी मोजणी 'पोल' मध्ये असते. पर्च किंवा रॉड म्हटलं तरी तेच. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, अर्थात तुमच्या ३३ फुटी साखळीच्या बरोबर अर्धा. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, म्हणून गुंठ्यात ४ चौरस पोल आणि एकरात १६०. एकर दोन्हीकडे एकच. इंग्रजांनी एकच माप दोन्हीकडे नेलं, त्याचा फायदा घ्या. वर्णन असं येईल: हिकरीच्या झाडापासून उत्तर ३० अंश पूर्व १६० पोल पांढऱ्या ओकपर्यंत, तिथून दक्षिण ६० अंश पूर्व २४० पोल, दक्षिण ३० अंश पश्चिम १६० पोल, उत्तर ६० अंश पश्चिम २४० पोल, सुरुवातीच्या हिकरीला. १६० गुणिले २४० म्हणजे ३८,४०० चौरस पोल, भागिले १६०, आले २४० एकर. 'उत्तर ३० अंश पूर्व' म्हणजे तोंड उत्तरेकडे करून पूर्वेकडे ३० अंश वळायचं.

सरकारी भूनकाशे १:२४,००० प्रमाणाचे मिळतात. त्या प्रमाणात १ सेंटिमीटर म्हणजे २४० मीटर, सुमारे ४७.७ पोल. वरची १६० पोलांची बाजू ३.३५ सेंटिमीटर येईल आणि २४० पोलांची ५.०३. ट्रेसिंग कागदावर काढा, कापून घ्या आणि ओढ्याच्या वळणावर सरकवून पाहा. मग शेजाऱ्यांच्या जमिनी काढून शेजारी लावा. खरी आकृती इतकी नीटस नसते. सुरुवातीच्या बिंदूला रेषा परत येत नसेल तर बहुतेक वेळा कारकुनानं नक्कल करताना एक ओळ गाळलेली असते, किंवा उत्तरेचं दक्षिण झालेलं असतं. एकेक रेषा उलटी करून पाहा, चूक सापडते. 'ओढ्याच्या वळणावळणानं' असं लिहिलेल्या बाजूला माप नसतं. ती बाजू शेवटची म्हणून उघडी ठेवा. सगळी आकृती दोन-चार अंशांनी फिरलेली वाटली तर घाबरू नका. होकायंत्राची उत्तर दिशा काळानुसार सरकते.

सनद मिळाली तर तीवर फार भार टाकू नका. सुरुवातीच्या सनदांत 'वसाहतीत एक माणूस आणला की ५० एकर' असा हक्क दाखवलेला असतो आणि त्या माणसांची नावंही असतात. पण हे हक्क विकले जात, वर्षानुवर्षं साठवले जात. सनद १६६५ ची म्हणून त्यातला माणूस १६६५ ला आला, असं धरता येत नाही. १६९९ पासून ५० एकराला ५ शिलिंग भरूनही हक्क मिळू लागला. सनद घेणारा त्या जमिनीवर राहिलाच असेल असंही नाही. १७०४ ची शेतसाऱ्याची यादी मात्र जरूर पाहा: काउंटीवार मालक आणि एकर. तुमचा भाग तेव्हा हेन्रायकोत होता. रॅपहॅनॉक आणि पोटोमॅक या नद्यांमधला मुलूख त्या यादीत नाही, कारण तिथला सारा राजाकडे जात नसे आणि सनदाही वेगळ्या दप्तरात आहेत.

१७८२ च्या आधीची करयादी म्हणजे डोईपट्टी. १६ वर्षांवरचे गोरे पुरुष, आणि १६ वर्षांवरचे गुलाम, पुरुष आणि बायका दोन्ही, असे मोजत. स्वतंत्र काळ्या बायकाही मोजत. हिशेब १० जूनचा, भरणा तंबाखूच्या पौंडांत. गोऱ्या बाईवर पट्टी नसे, तरी यादीत विधवेचं नाव येतं, कारण तिच्या घरातल्या मुलांची किंवा गुलामांची पट्टी तिनं भरायची. सलग याद्या टिकल्या असतील तर वय काढता येतं. १७५७ मध्ये बापाच्या ओळीत मुलगा नाही आणि १७५८ मध्ये आहे, तर तो जून १७४१ ते जून १७४२ मधला. पण १७५७ ची यादीच हरवली असेल तर हे गणित करू नका. आणि 'सीनियर', 'ज्युनियर' म्हणजे बापलेकच असं नाही. एकाच परिसरातला थोरला आणि धाकटा, इतकंच. थोरला वारला की धाकटा 'सीनियर' होतो. तुमच्या वंशवृक्षातल्या तिन्ही बापांचं मूळ कदाचित याच गोंधळात असेल.

आता मयताचे कागद. मृत्युपत्र मिळालं नाही की लोक दप्तर बंद करतात. मृत्युपत्राशिवायही बरंच उरतं: व्यवस्थापक नेमल्याचा हुकूम, त्याचा जामीनरोखा, मालमत्तेची यादी, हिशेब, वाटप, पालकाची नेमणूक. जामीनदार कोण, हे आधी पाहा. पैशाची जोखीम सहसा भाऊ, मेहुणा किंवा सासराच घेतो. 'ऑर्फन' म्हणजे बाप मेलेला मूल. आई घरात हयात असू शकते. तुमचा 'अ.पा.क.' (अज्ञान पालन कर्ता) शेरा आठवा. १४ पूर्ण झाल्यावर मूल स्वतः पालक निवडू शके, त्यावरून वय कळतं. जमीन विकायला २१ पूर्ण लागत. हे सगळे हुकूम कोर्टाच्या 'ऑर्डर बुक' मध्ये असतात. त्या वहीची सूची बेभरवशाची, म्हणून संशयाची चार-पाच वर्षं पानोपान वाचा. रस्त्याच्या डागडुजीला नेमलेल्या माणसांची नावंही तिथेच असतात, म्हणजे आयता शेजार.

नात्यांचे शब्द जपून वाचा. 'सन-इन-लॉ' म्हणजे जावई किंवा सावत्र मुलगा. 'कझिन' म्हणजे पुतण्या किंवा भाचाही. 'माझी आत्ताची बायको' म्हटलं म्हणून पहिली होतीच असं नाही. मुलाला एक शिलिंग दिला म्हणजे बापानं त्याला टाकलं, ही कथा लोकांना फार आवडते. बहुधा त्याला त्याचा वाटा आधीच मिळालेला असतो. त्याचं खत शोधा.

मालमत्तेच्या यादीत व्हर्जिनियात जमीन नसते. भांडी, गुरं, अवजारं असतात आणि रक्कम पौंड-शिलिंग-पेन्समध्ये: १२ पेन्सांचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. रुपये-आणे-पै वाचलेल्याला यात काही जड नाही. त्याच यादीत, घोड्यांच्या आणि पलंगांच्या ओळीत, गुलाम माणसांची नावं आणि किमती येतात. ती नावं गाळू नका. जमीन, काउंटी, तारीख यांसह वेगळी उतरवा. त्या माणसांच्या वंशजांसाठी कित्येकदा तेवढीच एक नोंद उरलेली असते, आणि ती अशाच एखाद्या घराच्या शोधात हाती लागते.

तारखांचं एक. १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला बदलत असे. मृत्युपत्र १० डिसेंबर १७३१ चं आणि कोर्टात सिद्ध झालं ७ फेब्रुवारी १७३१ ला, हे वाचून चूक झाली असं वाटेल. चूक नाही, तो आपल्या हिशेबानं फेब्रुवारी १७३२. वहीत १७३१/३२ असं उतरवा. 'दुसऱ्या जॉर्जच्या राज्याचं पाचवं वर्ष' म्हणजे ११ जून १७३१ ते १० जून १७३२.

वहीतलं खत ही कारकुनाची नक्कल असते, म्हणून खालची सही थॉमसची समजून दुसऱ्या सहीशी ताडू नका. सहीऐवजी केलेली खूण मात्र कारकून कधी कधी जशीच्या तशी काढत. एक थॉमस नाव लिहितो आणि दुसरा खूण करतो, तर ती दोन माणसं असण्याचा संशय धरा.

माग हॅनोव्हर, जेम्स सिटी किंवा बकिंगहॅमकडे वळला तर वेगळा पवित्रा लागेल. पहिल्या दोन काउंट्यांची दप्तरं सुरक्षित म्हणून रिचमंडला आणली आणि एप्रिल १८६५ च्या आगीत बहुतांश गेली. बकिंगहॅमचं कोर्ट १८६९ मध्ये जळलं. तिथे सनदा आणि १७८२ नंतरच्या करयाद्या वाचवतात, कारण त्या राज्याच्या दप्तरात होत्या. शिवाय पॅरिशच्या वह्या: दर चार वर्षांनी शेजारी मिळून बांधावरून फिरत आणि हद्दीच्या खुणा ताज्या करत, त्याची नोंद तिथे असते. वारसांच्या भांडणाचे चॅन्सरी कोर्टातले दावे लायब्ररीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. भाऊबंदकी पेटली की सगळ्या वारसांची नावं एका कागदावर येतात, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं.

नातीला एक काम द्या. फॅमिलीसर्चवर हस्तलिखितांचा संपूर्ण मजकूर शोधण्याची सोय आहे. तिथे आडनाव न टाकता ओढ्याचं नाव आणि दोन शेजाऱ्यांची नावं टाकून पाहायला सांगा. सूचीत न येणारे साक्षीदार आणि लगतचे मालक असे सापडतात. यंत्र जुन्या लिखाणातल्या लांब 'एस' ला 'एफ' वाचतं, म्हणून स्पेलिंग बदलून दोन-तीनदा शोधावं, आणि सापडलेलं मूळ चित्र उघडून वाचल्याशिवाय वहीत घेऊ नये.

तिन्ही बापांसाठी तीन वेगळे कागद करा आणि प्रत्येकाचा थॉमस १७८२ ते १७९५ मध्ये दरवर्षी कुठे कर भरतो ते लिहा. जो १७९० मध्ये दुसऱ्याच काउंटीत स्वतःची जमीन कसतोय, त्याच्यावर फुली मारण्याआधी त्याच साली फाइन क्रीकवरच्या थॉमसचीही नोंद आहे याची खात्री करा.

१७९५ च्या खतातलं हद्दीचं वर्णन जसंच्या तसं उतरवून आम्हाला पाठवा. झाडं, अंश, पोल, शेजारी, साक्षीदार, सगळं. पोलांचे मीटर करू नका, आणि स्पेलिंग दुरुस्त करू नका.